घरातील धान्याची नोंदवही

पीक शेतात उभे असेपर्यंत शेतकरी त्याचा बारीक हिशेब ठेवतो. बियाणे किती लागले, खताची पोती किती पडली, मजुरी किती दिली, हे त्याला तोंडपाठ असते. परंतु तेच धान्य उंबऱ्याच्या आत आले, की हिशेब थांबतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कुटुंबांस ही उणीव आज विशेष महाग पडते.

पूर्वी घरच्या ज्वारीवर व घरच्या तुरीवर वर्ष निघे. आता खरिपातील बरीचशी जमीन सोयाबीनखाली गेली असून ते पीक खळ्यावरून थेट बाजारात जाते. त्यामुळे घरात धान्य तीन वाटांनी येते : रानातून, आठवडी बाजारातून आणि रास्त भाव दुकानातून. ते निरनिराळ्या पोत्यांत, कोठ्यांत व डब्यांत पडते. एकूण किती आहे, हे मात्र कोणासच नेमके ठाऊक नसते. मग बाजारातून डाळ विकत येते आणि आतल्या खोलीत गेल्या हंगामाची तूर तशीच पडून राहते.

जुने धान्य मागे का राहते?

पत्र्याच्या कोठीत धान्य वरून भरतात व तळाच्या तोंडातून काढतात. त्यामुळे आधी भरलेले आधी निघते. कणगीचे व पोत्यांच्या थप्पीचे तसे नसते. तेथे नवे वर पडते, वरचेच आधी काढले जाते आणि जुने तळाशी दबून राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली, की ज्वारीत सोंडे व तुरीत भुंगा वाढतो. भुंग्याची लागण पुष्कळदा शेतातील शेंगेपासूनच आलेली असते. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले, तर ती त्याची अंडी समजावीत. उबदार हवेत महिनाभरात त्यांतून नवी पिढी बाहेर पडते व शेजारच्या नव्या पोत्यासही लागते. म्हणून नवे धान्य कधीही जुन्यावर ओतू नये.

गरजेचा अंदाज

पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो धान्य लागते असे धरू. महिन्यास ४५ किलो झाले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो, म्हणजे या घरास २५ किलो धान्य मिळते. उरले २० किलो. अर्थात वर्षास २४० किलो ज्वारी. डाळ रोज पाव किलो धरल्यास वर्षास सुमारे ९० किलो लागेल. प्रत्येक कुटुंबाने आपल्या खाण्याप्रमाणे हे आकडे बदलून घ्यावेत. एवढे धान्य बाजूस काढून उरलेलेच विकावे. सुगीच्या पडत्या भावात सारे विकून आषाढ-श्रावणात तेच चढ्या भावाने घेणे, हा दुहेरी तोटा होय.

नोंद कशी ठेवावी?

शाळेची एक साधी वही पुरे. प्रत्येक धान्यास एक पान द्यावे व त्यावर चार रकाने आखावेत : तारीख, आले, गेले, शिल्लक. रोजच्या मापट्याची नोंद नको. दळणास काढले किंवा नवे आणले, की लिहावे. कोठीवर व पोत्यावर खडूने भरल्याचा महिना घालावा. बियाण्याचे पोते निराळे ठेवून त्यावर तशी खूण करावी. वही घरातील गृहिणीच्या हाताशी असावी, कारण धान्य काढणारा हात तिचाच असतो. बाजारास निघणाऱ्याने आधी वही पाहावी, मगच पिशवी उचलावी.

आरंभ केव्हा करावा?

वेळ अमावास्येनंतर तुरीची मळणी होते व पाडव्याच्या सुमारास रब्बी ज्वारी घरात येते. हे दोन प्रसंग आरंभास उत्तम. प्रथम जुने धान्य बाहेर काढून मोजावे, निवडावे, उन्हात वाळवावे. कोठी झाडून कोरडी करावी. नवा दाणा दाताखाली टचकन फुटेपर्यंत वाळवून मगच भरावा. तुरीपैकी खाण्यापुरतीची डाळ लवकर करून घेतल्यास भुंग्याचा उपद्रव कमी होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ सांगून थांबू नये. महिला बचत गटाच्या बैठकीत एका घरची कोठी सर्वांसमक्ष मोजून वहीचे पहिले पान तेथेच भरून दाखवावे. महिन्याने पुन्हा जाऊन वहीतील शिल्लक व कोठीतील धान्य ताडून पाहावे. दोन्ही जुळले, की शेजारच्या घरांस निराळे समजावून सांगावे लागत नाही.