कपाटातला संगणक, बाहेरचं बटण



यंदाच्या निधी-संकलनाच्या कार्यक्रमात हॉलच्या कोपऱ्यात एक उंच लाकडी कपाट दिसेल. वर उजळलेली पाटी, मध्ये स्क्रीन, खाली दोन जॉयस्टिक आणि रंगीबेरंगी बटणं. 'स्पेस इन्व्हेडर्स' (1978) आणि 'पॅक-मॅन' (1980) यांच्या जमान्यात असायची तशी ही आर्केड कॅबिनेट. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी खाऊचे पैसे उडवले, त्यांना वेगळी ओळख करून द्यायला नकोच! आपल्या स्वयंसेवकांनी सुतारकाम केलं, एका सभासदाने दिलेला जुना डेस्कटॉप आत बसवला, आणि मोफत वापरायला परवानगी असलेलेच खेळ त्यात घातले. एका खेळाला एक डॉलर, सगळी रक्कम निधीत. कार्यक्रमानंतर हे कपाट आपल्या शहरातल्या बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात, मुलांच्या खोलीत कायमचं जाणार आहे.

आता प्रश्न असा, की तिथे ते चालू-बंद कोण करणार? संगणक कपाटाच्या पोटात, मागची फळी स्क्रूने बंद. तिथली कार्यकर्ती मंडळी आधीच शंभर कामांत असतात. दर वेळी स्क्रूड्रायव्हर लागणार असेल, तर आठवड्याभरात त्या कपाटावर घड्या केलेली पांघरुणं ठेवलेली दिसतील! दान दिलेली वस्तू देणाऱ्यावाचून चालली पाहिजे. म्हणून बाहेर, हाताशी, एकच बटण.

"मुलांना शॉक नाही ना बसणार?" असं काही पालकांनी विचारलं. शंका रास्त आहे. फार जुन्या संगणकांत भिंतीतली वीज थेट बटणापर्यंत यायची. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची पद्धत आणली आणि चित्र बदललं. यात संगणक बंद असतानाही पॉवर सप्लाय मदरबोर्डला 5 व्होल्टची अगदी थोडी वीज देत राहतो. मदरबोर्डवर दोन बारीक पिना असतात. त्या क्षणभर एकमेकींना जोडल्या, की मदरबोर्ड पॉवर सप्लायला सांगतो, "उठ रे बाबा!"

म्हणजे हे बटण दाराच्या बेलसारखं आहे. बेल स्वतः दार उघडत नाही, आतल्या माणसाला फक्त कळवते. भिंतीतली 120 व्होल्टची वीज या बटणाकडे फिरकतच नाही. त्यातून जाते ती 5 व्होल्टची किंवा त्याहूनही कमी, नाममात्र वीज.

जोडणी कशी केली?

आधी प्लग काढायचा. मग संगणकाचं मूळ बटण एकदा दाबायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

मदरबोर्डच्या कडेला पिनांचा एक लहान गठ्ठा असतो. बऱ्याच बोर्डांवर त्यातल्या 6 आणि 8 क्रमांकाच्या पिना पॉवर बटणाच्या असतात. काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मांडणी वेगळी असते, म्हणून मॅन्युअल बघूनच हात घालावा. या दोन पिनांना उलट-सुलट असं काही नसतं, कुठलीही तार कुठल्याही पिनेला चालते. छोट्या दिव्याच्या पिनांना मात्र प्लस-मायनस असतं.

बटण आर्केडचंच घेतलं. त्याच्या खाली एक मायक्रोस्विच असतो आणि त्याला तीन पाय असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. आपल्याला पहिले दोन हवेत. तिसऱ्याला तार लावली तर जोडणी कायमच बंद राहते. संगणकाला वाटतं, कोणीतरी बोट दाबूनच ठेवलंय! मग तो चालूच होत नाही किंवा चालू होऊन चार-पाच सेकंदांत विझतो. म्हणून तार लावण्याआधी मल्टिमीटर लावून पाहावा. बटण दाबल्यावरच 'बीप' वाजली पाहिजे, सोडल्यावर थांबली पाहिजे.

संगणकाचं मूळ बटणही काढलेलं नाही. दोन्ही बटणं समांतर जोडली आहेत, त्यामुळे उद्या बाहेरचं तुटलं तरी आतलं काम देईल. तारेला थोडी ढील ठेवून ती फळीला क्लिपने बांधली आहे, नाहीतर मागची फळी उघडताना हिसका बसून पिनाच वाकायच्या.

जागा आणि सवय

बटण खेळाच्या बटणांजवळ मुद्दाम ठेवलं नाही. रंगात आलेल्या खेळात कोणाची तरी थाप पडली, की भांडण ठरलेलंच! ते उजव्या बाजूच्या फळीवर, जमिनीपासून 40 इंचांवर आहे. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे, मध्ये अडथळा नसेल तर हाताने वापरायच्या गोष्टी 15 ते 48 इंचांच्या मध्ये हव्यात. त्यामुळे व्हीलचेअरवरचं मूलही कोणाला हाक न मारता खेळ सुरू करू शकेल.

"एवढा खटाटोप कशाला, पॉवर स्ट्रिपचंच बटण दाबा की!" असंही कोणी म्हणेल. पण चालू संगणकाची वीज अचानक तोडली, तर डिस्कवरच्या फाइली बिघडू शकतात. आपल्या बटणाला संगणकात 'शट डाउन' असं सेटिंग दिलंय. एकदा दाबून सोडलं, की तो सगळं आवरून नीट बंद होतो. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मात्र जबरदस्तीने बंद होतो. ते फक्त संगणक अडकला तरच करायचं. स्क्रीन, स्पीकर आणि वरच्या पाटीचा दिवा अशा स्ट्रिपवर आहेत, जी संगणक वीज घेऊ लागला की बाकीचं आपोआप चालू करते आणि तो थांबला की बंद.

वायर, बटण, कनेक्टर सगळं मिळून खर्च एका कुटुंबाच्या पिझ्झापेक्षा कमी आला. कपाटावर दोनच ओळींची सूचना चिकटवणार आहोत: 'चालू करायला एकदा दाबा. बंद करायला एकदा दाबा.' याहून जास्त काही सांगावं लागू नये, हीच आमची परीक्षा.

तेव्हा मंडळी, कार्यक्रमाला या, मुलांना आणा, स्वतःही दोन हात खेळून जा. आणि हो, सुट्टे डॉलर बरोबर आणायला विसरू नका!