दारासिंग चंद्रावर गेला होता

दारासिंग चंद्रावर गेला होता, आणि तोही नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी. हे वाक्य पनवेलच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना सहज टाकून बघा. तरुण मंडळी हसतात. साठीच्या पुढचा एखादा मात्र कपातून मान वर काढतो, "हो हो, भगवानदादा होता त्याच्याबरोबर," म्हणतो आणि तिथेच अडकतो. पुढचं त्याला आठवत नाही.

सिनेमाचं नाव 'चांद पर चढाई'. साल १९६७, दिग्दर्शक टी. पी. सुंदरम, संगीत उषा खन्ना. कॅप्टन आनंद म्हणजे दारासिंग आणि त्याचा साथीदार भागू म्हणजे आपले भगवान पालव. दोघे चंद्रावर पोचतात, तिथे राक्षस भेटतात, दुसऱ्या ग्रहावरचे योद्धे भेटतात, प्रेमात पडायला राजकन्याही भेटते. हेलन आहे, म्हणजे नाच आहेच. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश असतं, ही गोष्ट दारासिंगला कुणी सांगितलेली दिसत नाही. तो तिथेही मातीतल्या आखाड्यासारखाच पाय रोवून उभा राहतो.

असल्या सिनेमांच्या आठवणी विचारत फिरण्याचा मला नाद आहे. लाईन आळी, टपाल नाका, कृष्णाळे तलावाचा काठ, जिथे जुनी पनवेलकर मंडळी सापडतील तिथे मी एकच प्रश्न विचारतो: लहानपणी पाहिलेला, रॉकेट किंवा यंत्रमानव असलेला, नाव न आठवणारा सिनेमा कोणता? उत्तरं भरभरून येतात. एका निवृत्त शिक्षकांनी तर अख्खी गोष्टच सांगितली. एक मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो, त्याबरोबर डोंगराएवढा रोबो उडत येतो. खलनायकाचं डोकं ऑक्टोपसचं. नायक अदृश्य असतो, पण लाल उजेडात दिसतो. शेवटी रोबो खलनायकाला घेऊन आकाशात जातो आणि मुलगा रडतो. सर म्हणाले, "हिंदी होता. पण मुलगा जपानी होता."

असा सिनेमा कुणी काढलेला नाही. घड्याळ, रोबो आणि ऑक्टोपस 'जायंट रोबो' या जपानी मालिकेतले. तोएई कंपनीने १९६७-६८ साली तिचे २६ भाग केले, अमेरिकनांनी ते इंग्रजीत डब करताना मुलाचं नाव जॉनी सोको ठेवलं, आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवर आली. शेवटच्या भागात रोबो त्या ऑक्टोपसडोक्याच्या सम्राट गिलोटिनला घेऊन खरोखरच अवकाशात झेपावतो आणि स्वतःला संपवतो. लाल उजेडातला अदृश्य नायक मात्र 'मिस्टर इंडिया'चा, १९८७ सालचा अनिल कपूर. टोकियो आणि मुंबई, दोन दशकांचं अंतर, आणि सरांच्या डोक्यात सगळं एकाच तिकिटावर.

सर स्मरणशक्तीला दोष देत होते. मला तो मान्य नाही. माल पनवेलला पोचतानाच अर्धा पोचत होता.

वितरणाच्या नकाशावर आपण बॉम्बे सर्किटमध्ये. मुंबई जवळ असल्याचा फायदा मोठ्या सिनेमांना. दारासिंगच्या स्टंटपटाची प्रिंट गावोगाव फिरून, ओरखडे पडून, तुटलेल्या जागी चिकटवून येई. प्रत्येक जोडात काही फ्रेमी जात, कधी एखादं रीळच गायब असे. नायक खोलीत शिरला आणि पुढच्या क्षणी समुद्रात पोहतोय, याला प्रेक्षक दिग्दर्शकाची करामत समजत. गणपतीत आळीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे, तेव्हा पुढे जागा मिळाली नाही तर पोरं पडद्याच्या मागे बसत. त्यांच्या आठवणीतले सगळे नायक डावखुरे आहेत. पुढे वर्गणी काढून रात्रभरासाठी भाड्याने व्हिडिओ आणायची पद्धत आली. तीन कॅसेटी, तिसरी लागेपर्यंत पहाट व्हायची आणि निम्मी आळी झोपलेली असायची. विज्ञानपट हमखास तिसऱ्या कॅसेटवर, कारण पहिल्या दोन मोठ्यांच्या पसंतीच्या.

दूरदर्शनचंही तेच. वरळीचा मनोरा खाडीपलीकडे, आणि कौलांवर चढून ॲन्टेना फिरवणारा मुलगा घरातल्या आवाजावर चालायचा: "आलं, आलं... गेलं!" रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा इंग्रजी कळणारं घरात फारसं कुणी नसे, त्यामुळे स्पॉकचे कान सगळ्यांना आठवतात आणि गोष्ट कुणालाच नाही. 'स्पेस सिटी सिग्मा' किंवा आनंद महेंद्रूची 'इंद्रधनुष' (१९८९) हिंदीत होत्या, त्या जास्त टिकल्या. 'इंद्रधनुष'मधली पोरं कालप्रवासाला निघतात आणि त्यांच्यात पुढचा करण जोहर आहे, हे सांगितल्यावर लोकांना कालप्रवासापेक्षा करण जोहरचंच जास्त आश्चर्य वाटतं.

या सगळ्या स्वस्त जादूचा मूळ पुरुष शोधत गेलं की आपण बाबूभाई मिस्त्रींपाशी पोचतो. सुरतचा हा माणूस. १९३७ साली विजय भट्टांनी 'ख्वाब की दुनिया' काढला. प्रेरणा हॉलिवूडच्या 'द इनव्हिजिबल मॅन'ची, म्हणजे मुळात एच. जी. वेल्सच्या कादंबरीची. अदृश्य माणूस दाखवायचा, पण हॉलिवूडची यंत्रं नाहीत आणि ती आणायला पैसेही नाहीत. विशीही न गाठलेल्या बाबूभाईंनी मागे काळा पडदा लावला, काळ्या दोऱ्याने वस्तू बांधल्या आणि कॅमेऱ्याबाहेरून दोरे ओढले. काळ्यावर काळा दोरा दिसत नाही. वस्तू आपोआप हलताना दिसते. खर्च दोऱ्याच्या रिळाचा. तेव्हापासून सिनेसृष्टीत त्यांना 'काला धागा' असंच नाव पडलं.

हेच बाबूभाई पुढे १९६१ साली 'संपूर्ण रामायण' दिग्दर्शित करतात, १९६२ साली दारासिंगला घेऊन 'किंग काँग' करतात आणि १९६५ साली 'महाभारत'. मारुती उडवायला आणि राक्षसी प्राणी उभा करायला हात एकच. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कॅमेऱ्याच्या क्लृप्तीने बाळकृष्णाला नागाशी झुंजवलं होतं, तिथपासून ही वाट चालत आलेली. आपल्याकडे विज्ञानपट झाले नाहीत, अशी तक्रार चित्रपटाचे अभ्यासक करतात. ते प्रयोगशाळा शोधत बसले. आपला विज्ञानपट पौराणिकाच्या कारखान्यात, तिथलाच दोरा आणि तिथलाच धूर वापरून होत होता. त्यामुळे त्यातल्या परग्रहाच्या राजाचा मुकुट रावणासारखा दिसला तर नवल कसलं?

मराठी पडद्याकडे मात्र बोट दाखवावं लागेल. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवून बक्षीस मिळवलं. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी दिवाळी अंकांची पानं विज्ञानकथांनी भरली. इतकं साहित्य हाताशी असून मराठी निर्मात्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. महेश कोठारेंनी 'धडाकेबाज'मध्ये बाटलीतला बोटभर लक्ष्या दाखवला, 'झपाटलेला'त रामदास पाध्यांचा तात्या विंचू चालवला. पोरांची भूक त्यावर भागली. तरी ती भुताखेतांची खाती. २०१६ साली सुजय डहाके यांचा 'फुंतरू' हा विज्ञानपट आला, तोवर ज्यांना तो हवा होता ती पोरं चाळिशीत पोचली होती.

लोकांच्या या आठवणी पडताळून बघायचं म्हटलं तर दुसरी अडचण उभी राहते. १९६६ च्या 'गोगोला'चं उदाहरण घ्या. दिग्दर्शक बलवंत दवे, कलाकार आझाद आणि तबस्सुम, आणि समुद्रातून येणारा अजस्र प्राणी. जपानच्या गॉडझिलाचा हा मुंबईकर चुलतभाऊ आज हरवलेल्या सिनेमांत मोडतो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायर यांनी जन्मभर डबे गोळा केले. पण त्यांच्या काळात जे वाचवायची धावपळ होती त्या यादीत फाळके, प्रभात, न्यू थिएटर्स वर. 'गोगोला'साठी कोण धावणार? कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदी असते, आणि निरुपयोगी ठरलेल्या प्रिंट त्या चांदीसाठी विकल्या जात. सिनेमा कितीही फालतू असो, चांदी सारखीच निघे. यात आपणच करंटे असं मात्र नाही. बीबीसीने टेप पुन्हा वापरायच्या म्हणून 'डॉक्टर हू'चे जुने भाग पुसले, आणि त्यातले नव्वदच्या वर भाग अजून बेपत्ता आहेत.

अशा रिकाम्या जागेत मन काय करतं, यावर फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली पुस्तक लिहिलं. त्याने इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकी आदिवासींची भुतांच्या लढाईची एक कथा वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. ओळखीचं नसलेलं गळत गेलं, डोंगी जाऊन साधी होडी आली, भुतं पुसट झाली. अमेरिकेत तर असंख्य लोक नव्वदच्या दशकात सिनबाद नावाच्या विनोदी नटाला जिनीच्या भूमिकेत पाहिल्याचं शपथेवर सांगतात. सिनेमाचं नावसुद्धा सांगतात, 'शझाम'. तसा सिनेमा निघालाच नाही. शकील ओनीलचा 'कझाम' १९९६ मध्ये आला होता, बहुधा त्याच्यावरच हे कलम झालं. आपले सर त्यामानाने प्रामाणिक. त्यांचे सगळे तुकडे खरे आहेत, शिवण तेवढी त्यांची.

बाबूभाईंची, हाताशी काही नसताना सिनेमा काढायची ती जिद्द अजून जिवंत बघायची तर नाशिक जिल्ह्यात मालेगावला जावं लागेल. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथे सिनेमे कापता-जोडता ते शिकले आणि २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. नंतर त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, बांध्याने काडीसारखा. क्रिप्टनच्या या वीराला मालेगावच्या हवेत दमा होतो. खलनायकाला घाणीचं प्रेम. मागे हिरवं कापड ताणून सुपरमॅनला उडवलं गेलं. मध्ये कॅमेरा पाण्यात पडला, शूटिंग थांबलं, शफीकचं लग्नही याच धामधुमीत झालं. फैजा अहमद खान यांनी हे सगळं 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपलं. २०१२ साली तो देशभरच्या थिएटरांत लागला, त्याआधीच शफीक कर्करोगाने गेला होता. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'मुळे ही नावं आता सर्वांना ठाऊक झाली. मला मोठ्या पडद्यावरच्या चकचकीत कथेपेक्षा तो माहितीपट जवळचा वाटतो, कारण त्यात हिरव्या कापडाच्या सुरकुत्या दिसतात.

हरवलेले सिनेमे शोधायची एक युक्ती मला उशिरा सापडली. गोष्ट विचारायची नाही, गाणं विचारायचं. हिंदी सिनेमा मेला तरी त्याची तबकडी जगते. 'गोगोला' गेला, पण त्यातलं तलत महमूद आणि मुबारक बेगम यांचं द्वंद्वगीत जुन्या गाण्यांच्या रसिकांना आजही पाठ आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' दशकवार सिद्ध केला. १९६१ ते १९७० च्या खंडात 'रॉकेट गर्ल', 'रॉकेट टार्झन', 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' ही मंडळी बड्या सिनेमांच्या मांडीला मांडी लावून बसली आहेत. गाण्याची चाल धरून आत शिरलं की नटांची नावं लागतात आणि माणसाच्या डोक्यातली अर्धी गोष्ट जागेवर बसते.

उरण नाक्याजवळच्या एका सलूनवाल्या काकांचा सिनेमा मात्र अजून अडलेला आहे. कृष्णधवल, त्यांनी सत्तर-बाहत्तर साली आळीतल्या गणपतीत पाहिलेला. रॉकेट आंब्याच्या बागेत उतरतं. दार उघडतं, आतून बाई बाहेर येते, तिच्या डोक्यावर चांदीचं काहीतरी आणि पायात साधी रबरी सपाता. "परग्रहावरची बाई आणि सपाता?" असं काका तेव्हा ओरडले आणि शेजारच्याने त्यांना गप्प केलं. 'चांद पर चढाई' त्यांना दाखवला, तो हा नाही म्हणाले. गाणं? गाणं होतं, पण त्या वेळी जनरेटर बंद पडला होता. काका पडद्याच्या मागे बसले होते, तेव्हा बाग डावीकडे होती की उजवीकडे, हेही उलटं धरून चालावं. कुणा वाचकाला त्या सपाता आठवत असतील तर काकांची खुर्ची अजून तिथेच आहे, सोमवारी बंद.