तेल्याचा डाग आणि यंत्राची नजर

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता जीवशास्त्राच्या प्रांतात दोन वाटांनी आली. एक वाट मोठ्या मथळ्यांची. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. त्यांतले हसाबिस आणि जम्पर हे 'आल्फाफोल्ड' या संगणकीय प्रणालीचे कर्ते. प्रथिनाची घडी कशी पडते, हे ती प्रणाली सांगते. दुसरी वाट थेट आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बांधावर उतरते. पानाचा फोटो काढा, रोगाचे नाव आणि फवारणीचे औषध लगेच मिळेल, असे सांगणारी ॲप सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंब बागायतदारांच्या मोबाइलवर आली आहेत.

दोन्हींमागचे गणित बरेचसे एकाच कुळातले आहे. तरी पहिल्याने पन्नास वर्षांचे कोडे सोडवले आणि दुसरे अजून साध्या डागापाशी अडखळते. असे का, हे शोधताना मला संगणकापेक्षा दप्तरांकडेच जास्त पाहावे लागले.

आधी प्रथिनांचे पाहू. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एका ओळीत ओवलेली माळ. ही माळ पेशीत तयार झाली की स्वतःहून गुंडाळली जाते आणि जी घडी पडेल तिच्यावर तिचे काम ठरते. घडी चुकली तर काम बिघडते. ही घडी माळेतल्या मण्यांच्या क्रमातच लिहिलेली असते, हे क्रिस्टियन आन्फिन्सेन यांनी प्रयोगांनी दाखवले आणि १९७२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे क्रम वाचून घडी सांगता यायला हवी. ती येत नव्हती. एकेक शक्यता तपासत गेले तर विश्वाचे वयही पुरणार नाही, असा हिशेब सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ मध्ये मांडला होता.

मग घडी प्रत्यक्ष पाहायची, हा एकच मार्ग उरत होता. प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यांतून क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र १९३५ च्या सुमारास घेतले. इन्सुलिनची रचना त्यांच्या गटाच्या हाती आली १९६९ मध्ये. आपल्याकडे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कोणकोणते पीळ शक्य आहेत याचा नकाशा मांडला. नवी रचना बरोबर आहे की नाही हे तपासायला जगभर आजही 'रामचंद्रन आलेख' वापरतात.

आल्फाफोल्डने काय केले, हे समजून घ्यायला साहित्याच्या वाचकाला पाठचिकित्सेची वाट सोपी पडेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. श्लोकाखाली श्लोक मांडायचे, कुठल्या पोथीत कुठला शब्द बदलला ते टिपायचे आणि त्या बदलांवरून पोथ्यांची नाती ओळखायची, अशी ती रीत. प्रथिनांचेही असेच आहे. एकच प्रथिन माणसात, उंदरात, माशात, यीस्टमध्ये थोड्याफार पाठभेदांनी सापडते. हे पाठ एकाखाली एक लावले की काही चमत्कारिक जोड्या दिसतात. माळेतल्या बाराव्या जागेचा मणी बदलला की ऐंशीव्या जागेचाही बदलतो, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या प्राण्यांत. माळेत या जागा दूर आहेत. पण घडी पडल्यावर त्या एकमेकींना टेकत असणार, म्हणून एक बदलली की दुसरीला सावरून घ्यावे लागते. ही कल्पना आल्फाफोल्डच्या आधीची आहे. आल्फाफोल्डने या पाठभेदांपासून घडीपर्यंतची वाट लाखो उदाहरणांवरून शिकून घेतली.

ती उदाहरणे आली कुठून? माझ्या मते या साऱ्या कहाणीचे मर्म इथे आहे आणि बातम्यांत ते एका वाक्यात उरकले जाते. १९७१ मध्ये 'प्रोटीन डेटा बँक' सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. फक्त सात. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या रचना तिथे जमा करायच्या आणि त्या कुणालाही फुकट पाहू द्यायच्या, असा शिरस्ता पडला. नियतकालिकेही रचना जमा केल्याशिवाय लेख छापेनाशी झाली. आल्फाफोल्ड शिकले ते सुमारे १,७०,००० रचनांवर. त्यांतल्या एकेका रचनेमागे कुणाच्या तरी पीएच.डी.ची वर्षे आहेत. त्यात १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक स्पर्धा भरते. नुकत्याच सापडलेल्या, पण अजून जाहीर न केलेल्या रचना स्पर्धकांना ओळखायला देतात आणि मग पाकीट फोडतात. त्यामुळे स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासायची सोय कुणाला राहत नाही. २०२० च्या स्पर्धेत आल्फाफोल्डची उत्तरे प्रयोगाच्या जवळपास पोचली. २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित घड्या सर्वांसाठी खुल्या झाल्या.

त्या खुल्या संग्रहातली एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक घडीच्या प्रत्येक भागाला प्रणाली स्वतःच्या खात्रीचा आकडा देते, शून्य ते शंभर. खात्री भरपूर असेल तिथे रंग गडद निळा, पन्नासच्या खाली असेल तिथे नारिंगी. चित्रात नारिंगी दोरा लोंबकळताना दिसला की समजायचे, इथे यंत्राला ठाऊक नाही, किंवा त्या भागाला मुळात ठरीव घडीच नाही. इतक्या सरळपणे 'मला माहीत नाही' म्हणणारे तज्ज्ञ माणसांतही थोडे असतात.

आकड्यांवरून जीवशास्त्राचा अंदाज बांधायचे काम महाराष्ट्रात नवे नाही. पुणे विद्यापीठातले अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाचा कुठला तुकडा शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल, हे ती सांगते. लस तयार करणाऱ्यांना ही माहिती लागते. प्रयोगांत आधीच सापडलेल्या अशा तुकड्यांत कुठले अमिनो आम्ल किती वेळा येते, हे मोजून त्यांनी सूत्र बसवले. बरोबर अंदाजांचे प्रमाण त्यांनी सुमारे ७५ टक्के सांगितले. म्हणजे चारांतला एक अंदाज चुकणार, हे निबंधाच्या गोषवाऱ्यातच लिहून टाकले. पद्धत आजही वापरात आहे. तिथेही पाया तोच: आधी कुणीतरी प्रयोग करून, नीट नोंदवून ठेवलेले तुकडे.

आता बांधावर येऊ. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. पुणे रस्त्यावर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. या पिकाचा वैरी म्हणजे तेल्या. झँथोमोनास कुळातला एक जीवाणू तो घडवतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. सुरुवातीला पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा पाणीदार डाग दिसतो, म्हणून 'तेल्या'. मग डाग काळपट होतो, फांदीवर चढतो, फळावर येतो आणि तिथे फळ तडकते. पावसाचे शिंतोडे, दमट हवा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर फिरणारी छाटणीची कात्री ही त्याची वाहने. मृग बहार धरलेल्या बागेत तो शिरला की वर्षाचा हिशेब उलटा होतो. बागा जेसीबी लावून काढून टाकल्याचे मी पाहिले आहे.

गोची अशी की डाळिंबावर डाग पाडणारा तेल्या एकटा नाही. सर्कोस्पोरासारख्या बुरशांचेही डाग पडतात आणि कोवळ्या अवस्थेत भल्याभल्यांची फसगत होते. जीवाणूवरचे औषध बहुधा बुरशीला लागू पडत नाही, बुरशीचे बहुधा जीवाणूला नाही. डाग ओळखण्यात चूक झाली की फवारणीचे पैसे जातात, आठवडा जातो, आणि प्रतिजैविक गरज नसताना मारले तर जीवाणू त्याला सरावण्याची भीती वेगळीच. म्हणून डागाचे नाव अचूक सांगणारे यंत्र इथे खरोखर हवे आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही.

पानावरचे रोग ओळखायला यंत्राला शिकवण्याचा गाजलेला प्रयत्न म्हणजे 'प्लँटव्हिलेज' हा चित्रसंग्रह. त्यात १४ पिकांची ५४,३०६ छायाचित्रे. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी त्यावर शिकवलेल्या यंत्राने, त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेल्या चित्रांवर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. हा आकडा जगभर फिरला. त्याच निबंधात पुढे दिलेला दुसरा आकडा फारसा फिरला नाही. संग्रहाबाहेरची, वेगळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे दाखवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. संग्रहातली पाने तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली. शेतातले पान वाऱ्यावर हलते, त्यावर धूळ असते, बोर्डोचे निळसर डाग असतात, मागे दुसरी पाने असतात.

२०२२ मध्ये नोयान आणि सहकाऱ्यांनी आणखी मजेशीर परीक्षा घेतली. त्याच संग्रहातल्या प्रत्येक चित्राचे फक्त आठ ठिपके त्यांनी यंत्राला दिले, तेही पानाचे नाहीत, पार्श्वभूमीचे. म्हणजे पान पाहायचेच नाही. तरी यंत्राने ४९ टक्के वेळा रोग बरोबर सांगितला. नुसते चिठ्ठ्या टाकून सांगितले असते तर तीन टक्केही जमले नसते. अर्थ उघड आहे. एका रोगाची चित्रे एका जागी, एका उजेडात काढली गेली, दुसऱ्याची दुसऱ्या जागी, आणि यंत्र पानाऐवजी ती जागाच शिकले. पोराने धडा वाचण्याऐवजी पुस्तकाचे कव्हर पाठ करावे तसे. आणि हो, त्या १४ पिकांत सफरचंद आहे, द्राक्ष आहे, स्ट्रॉबेरी आहे, डाळिंब नाही.

सांगोल्याजवळ आमच्या पाहुण्यांची बाग आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे एका ॲपला मी एकच पान दोनदा दाखवले. झाडावर असताना एक रोग निघाला, तोडून पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर दुसरा. 'खात्री नाही' असे दोन्ही वेळा त्याने म्हटले नाही. दोन्ही वेळा औषध मात्र सुचवले. पाहुणे म्हणाले, "मग आमच्या दुकानदारात आन् ह्यात फरक काय, सर? तो बी इचारल्या इचारल्या बाटली काढतोय." एका पानावरून निकाल लावायचा नसतो हे मला कळते. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

प्रथिनांना जे पन्नास वर्षांत मिळाले ते डाळिंबाच्या डागाला मिळायला हवे: खात्रीने तपासलेली, सर्वांना खुली असलेली उदाहरणे, आणि यंत्र बनवणाऱ्याने स्वतः न काढलेला पेपर. यातले काही आपल्याकडे अर्धवट तयार आहे. महाराष्ट्राच्या कृषी खात्याने २००९-१० मध्ये 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. पुढे फळपिकांसाठी 'हॉर्टसॅप' आला, त्यात डाळिंब आहे. नेमून दिलेल्या बागांत माणसे फिरतात, किती डाग, किती फळे, असे मोजतात, आणि त्यावरून सल्ले निघतात. हेतू सल्ल्याचा, त्यामुळे आठवडा सरला की त्या नोंदीचे काम संपते. मला त्या नोंदी भांडारकरांच्या पोथ्यांसारख्या वाटतात. गाव, तारीख, बहार आणि मोजणी इतके त्यांत आहे. त्यांना डागाचे चित्र आणि खात्रीचे निदान जोडले तर यंत्राला शिकण्याजोगे काहीतरी मिळेल.

प्रयोगशाळेतले कामही पुढे गेले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की तेल्याचा जीवाणू 'झॉप-एन' नावाचे एक प्रथिन डाळिंबाच्या पेशीत सोडतो आणि झाडाचा प्रतिकार दडपतो. ते प्रथिन नसलेला जीवाणू पानात नीट वाढू शकला नाही. अशा प्रथिनाची घडी आता संगणकावर मांडून पाहता येते. त्यातून झाडाला तारणारे काही निघायला मात्र वर्षे लागतील, कारण आल्फाफोल्ड घडी सांगते, बागेत काय होईल ते सांगत नाही.

डागाची खात्री करायला तितकी वाट पाहावी लागत नाही. कोवळ्या डागाच्या कडेचा तुकडा ब्लेडने कापायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जीवाणू असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा गढूळ लोट पाण्यात येताना दिसतो. बुरशी असेल तर असा लोट येत नाही. कुठला जीवाणू, ते यातून कळत नाही, पण जीवाणू की बुरशी हा पहिला फाटा सुटतो, आणि औषधाच्या निवडीसाठी तोच महत्त्वाचा. वनस्पतिशास्त्राचा विभाग असलेल्या कुठल्याही महाविद्यालयात एवढे सामान असते. विद्यार्थ्यांनी पान झाडावर असतानाच, मागची धूळ-पाने-आकाश न टाळता, फोटो घ्यावा. मग तो डाग कापून पाहावा. आणि फोटोखाली लिहावे: गाव, तारीख, वाण, बहार, मागची फवारणी कधीची, लोट आला की नाही. न आल्याचे फोटोही तितकेच जपावेत. मृग बहाराच्या एका हंगामात एका वर्गाकडून असे काही शे फोटो सहज जमतील.