चिकोरी कोण पेलतं?

माटुंग्यात कॉफी दळून देणाऱ्या दुकानात दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: बी पीबेरी की प्लँटेशन, आणि चिकोरी किती. आता तिसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची झाली आहे: कॉफी करणार कशात?

पारंपरिक फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीची चकती. पूड भरायची, चकतीने हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. चकतीमुळे धारेने पुडीत खड्डा पडत नाही, पाणी सगळीकडे सारखं मुरतं. डिकॉक्शन उतरायला पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहूनही जास्त. चकती जोरात दाबली तर गळणंच थांबतं. पूड सैल राहिली तर पाणी भसकन उतरतं आणि खाली फिकं डिकॉक्शन जमतं. पूड बदलली की हा अंदाज नव्याने बांधायचा.

दुसरा पर्याय विजेवरच्या ड्रिप यंत्राचा. त्याचं घराणं जर्मन. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये कागदी गाळणी आणली आणि १९५४ मध्ये 'विगोमॅट' हे विजेवरचं यंत्र आलं.

त्याची करामत आतल्या नळीत आहे. साध्या यंत्रात पंप नसतोच. टाकीतलं पाणी एका झडपेतून नळीत उतरतं. झडप त्याला मागे फिरू देत नाही. विजेच्या कॉइलने तापलेल्या नळीत पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे त्याला वर ढकलतात आणि ते उसळ्या मारत पुडीवर पडतं. खालचं भांडंही तीच कॉइल गरम ठेवते. इतक्या थोड्या सामानात इतकं काम करणारी रचना विरळाच.

पण ती घडली जाडसर पुडीसाठी. लिटरभर पाण्याला पंचावन्न-साठ ग्रॅम, हे तिचं प्रमाण. दक्षिणी फिल्टरमध्ये तेवढ्या पाण्याच्या मानाने पूड कितीतरी जास्त जाते, कारण डिकॉक्शनला पुढे दूध पेलायचं असतं. शिवाय पूड बारीक, आणि चिकोरी पाणी धरून ठेवते. साध्या फिल्टरमध्ये पाणी एकदाच ओतलेलं असतं. तुंबलं तर उशीर होतो, एवढंच. यंत्रातली नळी मात्र पाणी सोडतच राहते. गाळणी भरून वाहते आणि ओट्यावर चोथा पसरतो.

देखभालीतही हाच फरक दिसतो. फिल्टरची भोकं बुजली तर घरोघरी तळ गॅसच्या आचेवर धरून ती मोकळी करतात. यंत्राची नळी दिसतही नाही. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत साचतात, धार मंदावते आणि सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवावं लागतं. ते केलं नाही तर यंत्र लवकर अडगळीत जातं.

काळजी वेगळीच आहे. यंत्र तुंबू नये म्हणून लोक पूड जाड करतात, चिकोरी कमी करतात, आणि दुधात ती कॉफी पाणचट लागते. कचेरीत दहा जणांना काळी कॉफी हवी असेल तर यंत्र खुशाल घ्यावं. दोन टंबलर दाट कॉफीसाठी मात्र रात्रीच फिल्टर लावून ठेवावा.