वासरकुप्पेच्या पायथ्याहून: धुक्यातला शनिवार

"एवढ्या थंडीत विमान उडतं का हो?" शनिवारी ग्लायडिंग क्लबात जातो म्हटलं की पुण्याहून फोनवर हा प्रश्न ठरलेला. नाही उडत. जर्मनीतल्या या ऱ्होन डोंगरात हिवाळाभर धुकं हटत नाही, गवताची धावपट्टी चिखलाने मऊ होते आणि जमीनच तापत नाही. मग ग्लायडरला उचलणारी गरम हवा येणार कुठून? तरीही सकाळी नऊला हँगर माणसांनी भरलेलं असतं, ग्लायडरच्या देखभालीसाठी.

ग्लायडिंग हा श्रीमंतांचा शौक, ही आपल्याकडची समजूत इथे तासाभरात गळून पडते. वर्षाला ठरलेले तास प्रत्येक सभासदाने हाताने काम करायचं. नाही केलं तर पैसे भरायचे. सध्या एएसके-२१ या दोन आसनी ग्लायडरचे पंख काढून आधाराच्या घोड्यांवर ठेवलेत. हे ग्लायडर याच वासरकुप्पे डोंगराखालच्या पोपेनहाउझेनमधल्या श्लाइशर कारखान्यात बनतं. उन्हाळ्यात, चौदाव्या वर्षी, एकटीने उड्डाण केलेली शाळकरी मुलगी पंखाच्या सांध्यावरची जुनी टेप नखाने सोडवते, डिंक स्पिरिटने पुसते. तपासनीस आरसा आणि टॉर्च घेऊन एकेक बोल्ट पाहतो. संध्याकाळी पाने-पकडी मोजून जागेवर जातात, कारण आत राहिलेला एक पाना हवेत चालकाची स्टिक अडकवू शकतो.

हाताने काम करायची ही सवय जुनी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आणली. मग १९२० साली तरुण स्वतः बांधलेली बिनइंजिनाची ग्लायडर घेऊन वासरकुप्पेवर स्पर्धेला जमले.

नाताळात माझा भाचा आला होता. पुण्यात विमान अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात पॉलिश कागद दिला तर म्हणाला, "मामा, हे मेकॅनिकचं काम ना?" त्याच्या शेजारी पंख घासत होते ते गृहस्थ जन्मभर शल्यविशारद होते. दुपारी त्याने पंखाच्या मुळाशी डोकावून एलेरॉनचे, म्हणजे विमान कलवणाऱ्या पट्ट्यांचे, दांडे हाताने हलवून पाहिले. परीक्षेत ही आकृती त्याने कितीदा काढली होती, पण खरा दांडा कधी हाती आला नव्हता. मग जेवायला बोलवलं तरी तो उठेना.

मला राग येतो तो इथेच. हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. जानेवारीतलं पुण्याचं कोरडं, निरभ्र आकाश इथल्या लोकांना स्वप्नातही मिळत नाही. हातांचीही वाण नाही. गणपतीच्या मांडवासाठी रात्र रात्र जागणारी पोरं आपल्याच गल्लीतली. पण ग्लायडर म्हटलं की आपण तिकीट काढून एक चक्कर मारतो, फोटो काढतो आणि घरी येतो. ते सरकारचं, आपलं नव्हे. आणि शिकलेल्या मुलाच्या हाताला ग्रीस लागलं की आईबापांना कमीपणा वाटतो.

जर्मनांचंही सगळं गोड नाही. कामाच्या तासांची पंधरा-पंधरा मिनिटांनी नोंद आणि झाडू कुठे टांगायचा याचाही नियम, याने जीव मेटाकुटीला येतो. तरी त्या नोंदवहीमुळेच शल्यविशारद आणि शाळकरी मुलगी एकाच पंखाशी उभे राहतात.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे: आठवड्यातून एक दिवस, तपासनिसाच्या नजरेखाली, आमच्या मुलांना ग्लायडरच्या देखभालीला हात लावू द्या, अशी मागणी हडपसरला लेखी करा. आणि पालकांनो, त्या दिवशी मुलगा काळ्या हातांनी घरी आला तर त्याला रागावू नका.