भवानी तरवारीची खूण

तुळजापुरच्या देवीचें नांव एकदां मुंबईच्या हायकोर्टांत एका फौजदारी खटल्याच्या कागदांत उमटलें होतें, ही गोष्ट आमच्या धाराशिव जिल्ह्यांतहि थोड्यांनाच ठाऊक असेल. सन १८९७ च्या १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणून एक कविता छापली गेली. कर्त्यानें आपलें नांव घातलें नव्हतें. खालीं 'भवानी तरवारीची खूण' अशा अर्थाची सही मात्र होती. त्यानंतर सातच दिवसांनीं, म्हणजे २२ जूनला, पुण्यांत रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, आणि या कवितेकडे व तिच्यासोबत छापलेल्या शिवराज्याभिषेकोत्सवाच्या वृत्तांताकडे सरकारची नजर वळली.

तरवार कांहीं सही करीत नाहीं. तेव्हां वाचकाला पहिल्याच क्षणीं मुख्यार्थ सोडावा लागतो, व दुसरा शोधावा लागतो. आमच्या शास्त्रकारांनीं या व्यापाराला लक्षणा म्हटलें आहे. मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, दुसऱ्या अर्थाचा त्याच्याशीं कांहीं संबंध पाहिजे, आणि तसें बोलण्याला रूढि किंवा प्रयोजन पाहिजे, असें मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त सांगितलें आहे. प्रथम ऐकतांना हें अवघड वाटतें. परंतु आपल्या घरांतील बायकामाणसें दिवसभर लक्षणेनेंच बोलत असतात. नारळ फोडला न म्हणतां 'वाढविला' म्हणतात. बांगडी फुटली तर ती 'वाढली'. दुकानदार संध्याकाळीं दुकान 'वाढवितो', म्हणजे बंद करितो. आणि घरांतून निघालेला मनुष्य 'येतों' म्हणून जातो. येथें लक्षणा नुसती नाहीं, ती विपरीत आहे. अशुभ शब्द तोंडीं येऊं नये म्हणून त्याच्या उलट शब्द योजिला आहे. आतां हीं वाक्यें कोणीं शब्दशः इंग्रजींत उतरविलीं व तीं मराठी न जाणणाऱ्या पंचांपुढें ठेविलीं, तर ते काय समजतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्या खटल्यांत असाच प्रकार होता. महाराज दीर्घ निद्रेंतून उठून आपल्या देशाची दशा पाहतात, ही त्या कवितेची कल्पना. परके लोक लक्ष्मीला हातीं धरून ओढून नेत आहेत, आणि तिच्या जागीं अक्काबाई दुष्काळासह देशभर फिरते आहे, असें तींत वर्णन आहे. मराठी घरांत वाढलेल्या मुलालाहि लक्ष्मी म्हणजे धनधान्य व अक्काबाई म्हणजे दारिद्र्य, हें सांगावें लागत नाहीं. 'अक्काबाईचा फेरा' हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतला शब्द आहे. पण निर्णय देणाऱ्या नऊ ज्यूरर्सपैकीं बहुतेकांपुढें होतें तें सरकारी भाषांतर, आणि भाषांतरांत अक्काबाई ही केवळ एक विचित्र नांवाची बाई राहते.

तथापि बचावाच्या बाजूचें सगळेंच आम्हांस पटत नाहीं. हा सारा इतिहास आहे, १६५९ सालीं अफजलखानाचें काय झालें याची ती शास्त्रीय चर्चा आहे, असें त्या बाजूचें म्हणणें होतें. तो वाच्यार्थ खराच. पण लक्षणेच्याहि पलीकडे व्यंजना म्हणून तिसरी वृत्ति आहे, आणि ती बोलणारा, ऐकणारा, स्थळ, काळ यांवर अवलंबून असते. 'सूर्य मावळला' हें एकच वाक्य ऐकून ब्राह्मण संध्येला उठतो, गुराखी गुरें वळवितो आणि चोर आपल्या उद्योगाची तयारी करितो. हें उदाहरण शास्त्रांत फार जुनें आहे. खान तुळजापुरावरून आला व त्यानें देवीला उपद्रव दिला, हें सभासदाची बखर सांगते. त्या भवानीच्या तरवारीची खूण करून, प्लेग व दुष्काळ यांनीं गांजलेल्या पुण्यांत, सोजिरांच्या घरझडत्यांनीं लोक चिडले असतां कोणी कविता छापतो, तेव्हां तींत १६५९ पलीकडचें कांहींच सुचविलेलें नाहीं, असें म्हणणें म्हणजे कवीला अरसिक ठरविणें होय! सुचविलें होतें, आणि पुण्यांतील वाचकांना तें समजलें होतें. टिळकांवर आमची भक्ति आहे म्हणून आम्ही हें नाकारणार नाहीं.

परंतु खरा प्रश्न कवितेच्या अर्थाचा नसून कायद्याच्या अर्थाचा होता. इंडियन पीनल कोडाच्या १२४ अ या कलमांत (तें १८७० सालीं घातलें गेलें) 'डिसअफेक्शन' असा शब्द होता. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीला सांगितलें कीं, याचा अर्थ केवळ प्रीतीचा अभाव. 'अफेक्शन' म्हणजे प्रीति, मागें नकार, झाला अर्थ.

संस्कृत शिकलेला मनुष्य येथें थबकतो. आमच्या वैयाकरणांनीं नकारवाचक 'नञ्'चे सहा अर्थ सांगून ठेविले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अनुदरा' कन्या म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, सडपातळ मुलगी. 'अधर्म' म्हणजे धर्म नसणें एवढेंच नाहीं. धर्माच्या विरुद्ध असलेलें कृत्य. 'अमित्र' शब्द घ्या. बार्शीच्या एस्टींत शेजारीं बसलेला अनोळखी गृहस्थ आमचा मित्र नाहीं. तेवढ्यानें तो आमचा अमित्र होत नाहीं. अमित्र म्हणजे शत्रु. त्याचप्रमाणें 'डिसअफेक्शन' म्हणजे अभाव कीं विरोध, उदासीनता कीं वैर, हा त्या खटल्याचा मर्मबिंदु होता. सरकारवर प्रेम नसून निमूटपणें कर भरणारे व कायदा पाळणारे लोक त्या वेळीं पुण्यांत घरोघरीं होते. अभाव हा अर्थ धरला तर लोकांना असें प्रीतिशून्य करणारा लेखक गुन्हेगार ठरतो. विरोध धरला तर सरकारला पुष्कळ अधिक सिद्ध करावें लागतें.

मीमांसकांचा दंडक असा कीं, विधिवाक्यांत शब्दाचा अर्थ ताणूं नये. सामान्यतः अक्षरार्थ धरल्यानें कायदा आखूड होतो म्हणून हा दंडक लोकांना तारक वाटतो. येथें उलट झालें! अवयव सुटे करून काढलेला अक्षरार्थ हाच सर्वांत लांबरुंद ठरला. शिवाय कविता वाचली ती व्यंजनेनें आणि कलम वाचलें तें अवयवार्थानें. दोन्ही वाचनांचा ओघ मात्र एकाच दिशेला, आरोपीकडे. आमचा आक्षेप आहे तो यावर. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं सहा युरोपियन ज्यूरर्सनीं दोषी व तीन हिंदी ज्यूरर्सनीं निर्दोष असें मत दिलें, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलांत पुढें इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले आस्क्विथ त्यांच्या वतीनें उभे राहिले, तरी अपिलाची परवानगी मिळाली नाहीं.

गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं, १८९८ त, सरकारनें कलम दुरुस्त करून 'डिसअफेक्शन' या शब्दांत राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना यांचा समावेश होतो, असें लिहिलें. वैर म्हणजे आमचा 'विरोध' कायद्यांत आला खरा. पण 'समावेश होतो' म्हटलें, 'एवढाच अर्थ' असें म्हटलें नाहीं. अभावाला दार उघडेंच राहिलें. १९०८ सालीं त्याच कलमाखालीं टिळक पुन्हां उभे राहिले, तेव्हां त्यांनीं एकवीस तासांवर भाषण करून सरकारी भाषांतरांतील शब्द एकेक करून तपासले. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरून सहा वर्षांची शिक्षा झाली. ती देणारे न्यायमूर्ति दावर १८९७ सालीं टिळकांच्याच बाजूचे वकील होते.

पुढें १९४२ त फेडरल कोर्टानें सार्वजनिक शांतता बिघडण्याचा संभव असेल तरच हा गुन्हा होतो असें ठरविलें. १९४७ त मुंबईकडीलच एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें तें मोडून स्ट्रॅचीसाहेबांचाच अर्थ पुन्हां गादीवर बसविला. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत फेडरल कोर्टाचें मत स्वीकारलें. ११ मे २०२२ रोजीं त्याच न्यायालयानें या कलमाचा अंमल स्थगित ठेविला, आणि १ जुलै २०२४ पासून पीनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १५२ व्या कलमांत 'डिसअफेक्शन' हा शब्द नाहीं. 'फुटीर कारवायांच्या भावनां'ना उत्तेजन देणें, अशा अर्थाचे शब्द मात्र आहेत. 'कारवायांच्या भावना' ही षष्ठी कोणती, कारवायांविषयीं वाटणारी भावना कीं कारवायांना प्रवृत्त करणारी, हें आमच्या घरच्या वकील पुतण्याला येत्या दिवाळींत विचारावयाचें आहे.