सीटांची रांग आणि जोखमीचा हिशेब
असेंब्ली लाइनवर साध्या मॉडेलमागून टॉप मॉडेल, त्यामागून निर्यातीची गाडी, असा क्रम ठरलेला असतो. रंगवलेली बॉडी लाइनवर चढली की तो क्रम सीट बनवणाऱ्या पुरवठादाराला कळतो आणि काही तासांत त्याच क्रमाने सीट हजर होतात. मागच्या दाराने उतरवायच्या ट्रकमध्ये त्या उलट्या क्रमाने भराव्या लागतात. ही क्रमवार पुरवठ्याची पद्धत म्हणजे निव्वळ गोदामभाडे वाचवण्याची युक्ती नव्हे. सीट-बंपरांचे प्रकारच इतके, की सगळ्यांचा साठा लाइनशेजारी मावणार नाही.

पण पुरवठा खुंटला तर? १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या करियात टोयोटाच्या आयसिन या पुरवठादाराचा कारखाना जळाला आणि ब्रेकच्या एका चिमुकल्या व्हॉल्व्हपायी टोयोटाच्या बहुतेक लाइन थांबल्या. तो भाग क्रमवारीने येणारा नव्हता, तरी तुटपुंज्या साठ्याचे तत्त्व तेच. मात्र मुख्य चूक जवळजवळ सर्वस्वी एकाच कारखान्यावर विसंबण्याची होती. इतर पुरवठादारांनी तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि आठवड्याभरात उत्पादन पुन्हा सुरू झाले. या पद्धतीवरचा खरा आक्षेप वेगळाच आहे: साठा नाहीसा होत नाही, बरेचदा तो पुरवठादाराच्या गळ्यात पडतो. त्याची किंमत करारात धरलीच पाहिजे.